वाकायचं कुणापुढे?

“ताई, ज्युदोच्या क्लासमध्ये कुणाच्या तरी फोटोपुढे वाकायला लावतात. आपल्यात चालतं का?” वस्तीतल्या एका आईने मला विचारलं. पोरगी तेरा वर्षांची, क्लासला जायला उतावीळ. उगाच कुणापुढे डोकं टेकवायचं नाही हे आपण शिकलोय, तेव्हा असं विचारलंच पाहिजे.

तो फोटो जिगोरो कानो यांचा. अंगाने किरकोळ, लहानपणी दांडगटांचा मार खाल्लेला हा माणूस पुढे शिक्षक झाला. १८८२ साली टोकियोतल्या एईशोजी या बौद्ध विहारात, बारा चटयांच्या जागेत त्यांनी ज्युदो शिकवायला सुरुवात केली. सरावाच्या जागेला ‘दोजो’ म्हणतात. बुद्धांना बोधी प्राप्त झाली ते बोधिमंड; त्याच शब्दाचं हे चिनी भाषेतून जपानीत गेलेलं रूप. फोटोपुढे नवस नाही, प्रसाद नाही. शिवाय जोडीदारापुढेही वाकतात. काळ्या पट्ट्याचा गडी पांढऱ्या पट्ट्याच्या नवख्या पोरीपुढे वाकतो, आणि तो पट्टा काही जन्माने मिळत नाही. मला यात गैर दिसत नाही.

माझी काळजी दुसरीच आहे. जपानमध्ये १९८३ पासूनच्या तीसेक वर्षांत शाळेतल्या ज्युदोत शंभरावर मुलं दगावली. त्यात नवशिकी पुष्कळ, आणि मार बहुतेक डोक्याचा. डोकं आपटलं नाही तरी जोराच्या हिसक्याने मेंदूवरची रक्तवाहिनी फाटू शकते. अशा वेळी ‘सरांना कसं सांगू’ म्हणून पोर गप्प राहिलं, तर ते वाकणं जिवावर बेततं. खरं तर ज्युदोतच थांबण्याचा हक्क आहे: सहन होईना तर दोनदा थाप मारायची, जोडीदाराने लगेच सोडायचं.

म्हणून क्लास लावताना विचारा, पडायला किती दिवस शिकवता? याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीकडे, हाताची थाप चटईवर, डोकं वरच. हे अंगवळणी पडेपर्यंत कुणी उचलून आपटायचं नाही. डोक्याला मार लागल्यावर डोकं दुखलं, उलटी झाली, पोर पेंगायला लागलं किंवा असंबद्ध बोललं, तर झोपू देऊन सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा चटईवर नाही, स्पर्धा तोंडावर आली असली तरी.

मी त्या आईबरोबर क्लासला गेले. सर म्हणाले, पहिला महिना फक्त पडणं. पोरगी फोटोपुढे वाकली. आईचं तिकडे लक्षच नव्हतं, ती चटयांमधल्या फटी बघत होती.