बशीतल्या लाटा

परवा सकाळी बशीत चहा ओतून नेहमीप्रमाणे फुंकर मारत बसलो होतो. सौ.चं म्हणणं, कप असताना बशी कशाला? पण सवय जात नाही. नातू एकटक बशीकडे बघत होता. म्हणाला, "आजोबा, तुम्ही फुंकताय आडवं, मग चहा वर कसा उचलला जातो?"

मंडळी, खरं सांगतो, चहा घशाखाली उतरेना. हाच प्रश्न चाळीसेक वर्षांपूर्वी मला सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारला होता. मी बी.ए., मराठीचा मास्तर. विज्ञानाचे शिक्षक रजेवर, म्हणून त्यांचा तास माझ्या गळ्यात पडलेला. "वाऱ्यामुळे लाटा निर्माण होतात असं पुस्तकात लिहिलंय ना? तेवढं पाठ कर, बस खाली!" असं मी डाफरलो. तो बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केल्याचं मला आठवत नाही.

आता वेळ आहे म्हणून वाचून काढलं. पाण्याला जरासा उंचवटा आला की त्याच्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, तिथला दाब घटतो आणि पाणी आणखी वर ओढलं जातं. गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण त्याला सपाट करू बघतात. केल्विनने १८७१ साली याचं गणित मांडलं. त्यानुसार वारा सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर, म्हणजे ताशी तेवीस-चोवीस किलोमीटर असला तरच लाट उठायला हवी. पण तळ्यावर त्याहून कितीतरी मंद झुळकीनेही तरंग उठतात! १९५७ साली फिलिप्स आणि माइल्स यांनी दोन वेगवेगळी उत्तरं दिली. एक म्हणाला, वाऱ्यातल्या दाबाच्या चढउतारांनी पहिले तरंग उठतात. दुसऱ्याने दाखवलं, उठलेली लाट वाऱ्यातूनच ऊर्जा घेत कशी वाढते. यावरचं संशोधन अजूनही चालू आहे.

म्हणजे मोठमोठ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरलेला प्रश्न मी एका वाक्यात गप्प केला होता.

माझं मत आता पक्कं आहे. "अमक्यामुळे तमकं होतं" एवढं सांगणं म्हणजे उत्तर नव्हे. "मला माहीत नाही, चल बघू," असं म्हणायला शिक्षकाला लाज वाटता कामा नये. आणि बघायला लागतं तरी काय? बशीभर पाणी. सरळ वरून फुंकलं की खळगा पडतो, तिरकं फुंकलं की सुरकुत्या पळतात. नातवाने आणि मी दुपारभर हाच उद्योग केला. टेबल ओलं झालं, बोलणी मला बसली.

असो. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. हे कधी त्याच्या वाचनात आलं तर एवढंच सांगतो: बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. चूक माझी होती.