आयटीवाल्यांचा आडमुठेपणा नव्हे



ऑफिसच्या लॅपटॉपला घरचा प्रिंटर जोडू न दिल्याबद्दल एका पत्रलेखिकेने आयटी विभागाच्या नावाने खडे फोडले आहेत. पण २०२१ साली विंडोजमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी उघडकीस आली, तेव्हा प्रिंटर ड्रायव्हरच्या वाटेने परक्याला संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने नेटवर्कवरून ड्रायव्हर घ्यायला अ‍ॅडमिनचे अधिकार सक्तीचे केले. घरून काम करायला लावणाऱ्या कंपनीने छपाईची सोयही करावी, हे मात्र रास्तच. फाइल स्वतःच्या मेलवर पाठवून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेण्याचा पत्रलेखिकेचा तोडगा तर भलताच! लोकांची पगारपत्रके त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच पडून असतात. त्यापेक्षा प्रिंटरचा मॉडेल क्रमांक लिहून आयटीकडे रीतसर तिकीट टाका. ड्रायव्हर त्यांना दुरूनही टाकता येतो.

— एक सिस्टीम अ‍ॅडमिन, ठाणे