पाच पावसाळ्यांची हमी

नव्या घराची खरी परीक्षा पहिला पावसाळा घेतो. गणपती येईपर्यंत बेडरूमच्या भिंतीवर ओल उतरलेली असते, नव्याकोऱ्या रंगाचे पोपडे निघू लागतात आणि वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या घराच्या छतातून ठिबकत असतं. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला की ठरलेली उत्तरं मिळतात. वाईट याचं वाटतं, की पुढे सोसायटीच्या सभेत तीच उत्तरं आपण एकमेकांना देऊ लागतो. या उत्तरांवर विसंबून हजारो कुटुंबं आपला हक्क सोडून देतात. म्हणून ती एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिलं उत्तर : ‘घर बघून ताबा घेतलात, सही केलीत, आता तक्रार कसली?’ कायदा याच्या नेमका उलट बोलतो. रेरा म्हणजे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे बिल्डरची दोष दूर करण्याची जबाबदारी ताब्याच्या दिवसापासून मोजली जाते. त्या दिवसापासून पाच वर्षांच्या आत इमारतीच्या सांगाड्यातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवासुविधांमधला दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. रेराने ती वाढवली. भिंतीत गाडलेला पाइपचा कच्चा सांधा किंवा टाइल्सखालचं निकृष्ट वॉटरप्रूफिंग ताब्याच्या दिवशी कुणाला दिसणार? जे दिसत नाही, त्यासाठीच ही मुदत आहे.

दुसरं उत्तर : ‘सोसायटी झाली, कन्व्हेयन्स झालं, आता मेंटेनन्समधून करून घ्या.’ रेराचं कलम ११ सांगतं की कलम १४(३) मधल्या दोषांची बिल्डरची जबाबदारी कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, झाल्यावरही कायम राहते. मुळात मेंटेनन्स आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी साफ करणं, लिफ्टची देखभाल करणं हा मेंटेनन्स. गच्चीचं जे वॉटरप्रूफिंग धड झालंच नव्हतं, ते सभासदांकडून वर्गणी काढून पुन्हा करून घेणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे मोजणं.

तिसरं उत्तर : ‘नवी इमारत बसते, तडे जायचेच.’ यात थोडं तथ्य आहे. ऊन-पावसाने प्लास्टरवर केसासारख्या रेषा उमटतात आणि त्यासाठी भांडू नये. पण कॉलम, बीम आणि स्लॅबमधली भेग ही निराळी गोष्ट. आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. गुरुग्राममधल्या चिंटेल्स पॅराडिसो संकुलात फेब्रुवारी २०२२ मध्ये एका टॉवरचे मजले एकावर एक कोसळले आणि दोन स्त्रियांचा जीव गेला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमधल्या क्लोराइडमुळे सळया गंजल्याचं आढळलं. म्हणून तडा साधा की गंभीर, हे साइट सुपरवायझरच्या तोंडी शब्दावर सोडू नये. ते स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरने रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी आणि गरज पडल्यास काँक्रीटचा गाभा काढून ठरवावं.

चौथं उत्तर : ‘तुम्हीच इंटिरिअर करताना तोडफोड केलीत.’ हा आक्षेप कधी कधी खरा असतो. ज्याने हौसेपोटी बाथरूमच्या टाइल्स उखडल्या किंवा बीमला भोकं पाडली, त्याला त्या जागेच्या गळतीसाठी बिल्डरकडे बोट दाखवता येणार नाही. पण एकाच्या इंटिरिअरने शेजारच्या दहा घरांच्या बाहेरच्या भिंती गळत नाहीत. सुताराला किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून ठेवले, तर या आक्षेपाचं बळ निम्म्याहून कमी होतं.

पाचवं उत्तर आपलं स्वतःचं आहे : ‘कोर्टकचेरीत आयुष्य जाईल आणि बोभाटा झाला तर फ्लॅटचा भाव पडेल.’ घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ मध्येच ठरवलं. रेरा आला म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद झालेलं नाही, हेही याच न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पन्नास लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या घराची तक्रार जिल्हा आयोगात करता येते आणि तिचं शुल्क जास्तीत जास्त हजार रुपये आहे. विलंब होतो, हे खरंच. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, काढलेली वसुलीची वॉरंटं जिल्हाधिकारी कार्यालयात रेंगाळतात, हेही खरं. पण विलंबाच्या भीतीने गप्प बसलेल्याला शेवटी काहीच मिळत नाही. भावाचं म्हणाल, तर ओलीवर रंग मारून विकलेलं घर म्हणजे आपली फसवणूक पुढच्या कुटुंबाच्या गळ्यात घालणं. भिंत नीट दुरुस्त झाली, तरच घराची किंमत टिकते.

मग करायचं काय? पहिल्या पावसातच पत्र लिहायचं. फोन आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासनं पुरेशी नाहीत. दोषांची खोलीवार यादी, फोटो आणि ताब्याची तारीख घालून स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पत्र पाठवावं व पोच जपावी. एकट्याने लढू नये. सोसायटीने ठराव करून सगळ्या घरांच्या तक्रारी एकत्र कराव्यात, इंजिनिअरचा अहवाल घ्यावा. रहिवाशांच्या संघटनेलाही रेराखाली तक्रार करता येते. तीस दिवसांत काम झालं नाही, तर महारेराच्या सलोखा मंचाचा प्रयत्न करावा. तिथे जमलं नाही तर तक्रार दाखल करून आधी दुरुस्ती मागावी आणि झालेल्या नुकसानीची भरपाईही. ग्राहक आयोगात जायचं असेल, तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती हातची घालवू नये.

चांगलं बांधणाऱ्या बिल्डरला या पत्राचं भय नाही. उलट त्याचं चांगलं काम यातूनच उठून दिसेल. कायद्याने दिलेली पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे. त्यातला एकेक पावसाळा आपण ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत वाया घालवतो. वीस वर्षं हप्ते फेडणाऱ्या माणसाने भिंतीवरची ओल पाहिली, की बादली ठेवावीच. पण त्याच संध्याकाळी पत्रही लिहायला बसावं.