आजीचं माहेरचं नाव

यंदाच्या अंकाचा विषय ‘नाव’. तो सुचला बांद्याकडच्या एका ओळखीच्या मुलीमुळे. पोर्तुगालचा पासपोर्ट काढायच्या खटपटीत आहे ती. तिची आजी १९४४ साली पेडण्यात जन्मली, गोवा मुक्त झाल्यावर सून होऊन इकडे आली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक म्हणून नोंदवून घेतो आणि हा धागा मुला-नातवंडांपर्यंत पोचतो. इंग्लंडात स्विंडनला गोंयकारांची एवढी वस्ती झाली ती ब्रेक्झिटच्या आधी, याच कागदाच्या जोरावर.

तर आजीची जन्मनोंद. सूचीत ‘एस’खाली शांता सापडेना. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला एका जुन्या कारकुनाने ‘एक्स’चं पान उघडलं. पोर्तुगीज अमलात ‘श’ एक्सने लिहीत. शंकर तिथेच, शेवंतीही तिथेच. कामतांचे कामोतिम आणि प्रभूंचे पोरोब झाले तेही याच वह्यांत.

पण सासरच्या गावात शांता कोणाला ठाऊक? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुलोचना’ लिहिलं गेलं. रेशनकार्ड, सातबारा, मुलांचे दाखले, सगळीकडे तेच. लिस्बनला मात्र सुलोचनाशी देणंघेणं नाही. त्यांना हवी शांता, बापाच्या नावासकट. म्हणून दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं. साठेक वर्षं घरात कोणी न उच्चारलेलं नाव नातीने स्टँपपेपरवर टाइप करून घेतलं.

‘फिरंग्यांचा पासपोर्ट? लाज नाही वाटत?’ असं विचारणारे आहेतच. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती जागा बांद्याहून हाकेच्या अंतरावर. हा राग मला कळतो, पटत नाही. पुढच्या पोरांनी पोट कुठे भरावं, यासाठी काही ती माणसं मेली नव्हती. खरा पेच आपल्या कायद्याचा आहे. दुहेरी नागरिकत्व भारताला मान्य नाही. तिकडचं घेतलं की इकडचं मत गेलं. ओसीआय कार्ड मिळालं तरी त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि कोकणात ही गोष्ट लहान नव्हे.

सहीच्या वेळी आजीने विचारलं, “खयच्या नावान करू गो?”

वकील म्हणाले, दोन्ही करा. सुलोचना झरझर झाली. सही ती सासरी आल्यावरच शिकली होती. शांतासाठी तिने नातीकडून पाठकोऱ्या कागदावर आधी कित्ता काढून घेतला.