जुन्या किल्ल्या टाकून देऊ नका

मदत मागणाऱ्यांची पत्रे आता आमच्याकडे बहुतेक ईमेलनेच येतात. कुणी निकाहनाम्याची प्रत पाठवते, कुणी पोटगीच्या दाव्याचे कागद, कुणी घरातल्या मारहाणीबद्दल चार ओळी लिहिते. असा मजकूर कूटबद्ध करूनच ठेवावा, हे तरुण कार्यकर्त्यांना पटवून द्यावे लागत नाही. पण कुलपे लावून झाल्यावर किल्ल्या कोण सांभाळणार, यावर कुणी बोलत नाही. ('की' हा इंग्रजी शब्द मराठीत लिहिला की वाक्य भलतीकडेच जाते, म्हणून मी किल्लीच म्हणतो.)

प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्लीने कुणीही आपल्यासाठी मजकूर बंद करू शकतो, उघडते ती फक्त आपली खाजगी किल्ली. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये आणलेल्या पीजीपीतून ओपनपीजीपी ही पद्धत आली. दुसरी एस/माइम, तिच्यात प्रमाणन संस्थेने दिलेले प्रमाणपत्र लागते. थंडरबर्डमध्ये दोन्ही चालतात. पूर्वी ओपनपीजीपीसाठी एनिगमेल वेगळे जोडावे लागे, 2020 च्या 78व्या आवृत्तीपासून ती सोय आतच आली. स्वतःच्या पत्त्याला एक आणि संस्थेच्या पत्त्याला दुसरी किल्ली लावता येते. अशा रीतीने दोन-तीन वर्षांत पाच-सहा किल्ल्या जमतात, काहींची मुदत संपते, आणि मग कुणाला तरी साफसफाईची हुक्की येते.

इथेच घात होतो. मुदत संपली म्हणजे त्या किल्लीने नवा मजकूर बंद करू नये, एवढेच. जुनी पत्रे अजूनही तिनेच उघडतात. ती पुसली आणि दुसरी प्रत नसली, तर पत्र डोळ्यांसमोर असूनही कायमचे गेले, मग कोणतीही कंपनी ते उघडून देऊ शकत नाही. ओपनपीजीपीत त्याच किल्लीची मुदत वाढवता येते, शक्यतो तेच करावे. एस/माइमचे नवे प्रमाणपत्र घेतले तरी जुने त्याच्या खाजगी किल्लीसह जपून ठेवावे लागते.

संस्थेची एकच किल्ली पाच जणांच्या लॅपटॉपवर ठेवण्याच्या मी विरोधात आहे. काम सोडून गेलेल्याकडची प्रत परत मागून काय उपयोग? पण पत्र लिहिणाऱ्या बाईने पाच जणांच्या वेगवेगळ्या किल्ल्या शोधाव्यात ही अपेक्षाही अन्यायाची आहे. म्हणून संस्थेच्या पत्त्याची किल्ली दोघांकडेच असावी. त्यांतला एक गेला की नवी बनवावी, जुनी रद्द झाल्याचे कळवावे, मात्र जुन्या पत्रांसाठी ती ठेवावी.

थंडरबर्डचा मुख्य पासवर्ड न लावणे म्हणजे कुलपातच किल्ली सोडून जाणे. लॅपटॉप दुरुस्तीला गेला तरी किल्ल्या दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतात. आपल्या कितीतरी घरांत भाऊ, वहिनी, मुले मिळून एकच लॅपटॉप वापरतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच जर त्यावर बसत असेल, तर त्या बाईला किल्ली बनवायला शिकवू नये, सरळ भेटायला बोलवावे. कूटबद्ध पत्रातही कुणी कुणाला आणि केव्हा लिहिले हे झाकले जात नाही. विषयाची ओळ झाकली जाईलच असे नाही, म्हणून तिथे नाव-गाव लिहू नये.

पदाधिकारी बदलले की आपण शिक्के, पासबुक आणि हिशेबाच्या वह्या सही घेऊन सुपूर्द करतो. पुढच्या वेळी त्या यादीत किल्ल्यांच्या प्रतीचा पेन ड्राइव्ह लिहावा, आणि त्याच्या पासवर्डचे बंद पाकीट दुसऱ्या माणसाच्या नावावर.