दोन मँचेस्टर आणि एक टॉवेल

आपल्याकडे जिथं म्हणून चार माग खडखडतात, त्या गावाला कशाचं ना कशाचं तरी मँचेस्टर म्हणायची पद्धत आहे. अहमदाबाद भारताचं मँचेस्टर, कोइमतूर दक्षिणेचं, इचलकरंजी महाराष्ट्राचं. सोलापूरकरांचं म्हणणं असं, की महाराष्ट्राचं मँचेस्टर आम्हीच, इचलकरंजीवाल्यांनी ते मधल्यामधे ढापलं. हा वाद मला शाळेपासून पाठ आहे. त्यामुळे मास्टर्ससाठी खऱ्याखुऱ्या मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीचं लेटर आलं, तेव्हा आजी फक्त एवढंच म्हणाली, "म्हंजे आपल्यासारखंच गाव की रे. मग एवढे पैसे कशाला घालायलास?"

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली, देणं कित्येक वर्षं अडकलं. भोंगा थांबल्यावरही आजी बरीच वर्षं भोंग्याच्या वेळेलाच उठायची. तिचा प्रश्न अगदीच गैर नव्हता.

तिकडे टॉवेल भेटला. टॉवेल म्हणजे माझा मित्र. सोलापुरात दोघांची घरं जेमतेम चार किलोमीटरवर, पण ओळख झाली ती सातासमुद्रापार, फ्रेशर्स वीकच्या गर्दीत. मागून कुणीतरी फोनवर "काय करायलास बे?" म्हणालं. 'बे' ऐकून सोलापूरचा माणूस मान वळवणार नाही, हे शक्यच नाही. त्याच्या घरी पूर्व भागात टेरी टॉवेलचा कारखाना, चोवीस माग. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, भांडण दोन्हीत. पद्मशाली विणकर तेलंगणातून सोलापुरात आले, त्यातलंच हे घराणं. तो आलेला मार्केटिंग शिकायला आणि दर रविवारी वडिलांचा एकच प्रश्न : माग ठेवायचे की विकायचे?

तर असे आम्ही दोघं दर शनिवारी बजेट शून्य ठेवून मँचेस्टर पायी तुडवायचो. डब्यात शेंगाचटणी, डोक्यावर पाऊस. हा पाऊस म्हणे कापडधंद्याला फार मानवला. हवेत दमटपणा असला की सूत कमी तुटतं. "आणि आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस डिग्री," टॉवेल म्हणाला, "तरी आपण विणलंच की बे." खरंय. आपल्याकडे 1860 मध्ये रेल्वे पोचली, आजूबाजूला कापूस होता, विणणारे हात होते, आणि 1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली. दमट हवेची वाट कुणी बघितली नाही.

पहिला मोठा धक्का रॉयल एक्स्चेंजमध्ये. एके काळी कापसाचे नि कापडाचे सौदे जिथं चालायचे, तो अवाढव्य हॉल. आता तिथं थिएटर आहे. हॉलच्या मधोमध काचेचं आणि लोखंडाचं, अवकाशयान उतरल्यासारखं, 1976 पासून. पण मान वर केलीत तर उंचावर एक भावफलक दिसतो. त्यावर शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत. 1968 सालचे. बाजार बंद झाला तो झाला, आकडे कुणी उतरवलेच नाहीत. टॉवेलनं फोटो काढून वडिलांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं : "आजचा सुताचा भाव काय तिकडं?"

मला तो फलक जाम आवडला. टॉवेलला नाही आवडला. तो म्हणाला, "घड्याळ बंद पडलं तर लोक दुरुस्त करतात. यांनी भिंतीवर लावलंय." त्या दिवशी त्यानं चटणीचा डबाही उघडला नाही.

अँकोट्सला गेलो, तिथं 1798 मध्ये बांधलेली मरे यांची गिरणी आहे. आता आत फ्लॅट्स. ज्यांची ऑफिसं लोअर परळला आहेत त्यांना हे चित्र नवं नाही. गिरणीचा मॉल किंवा टॉवर होतो आणि चिमणी शोभेला राहते. फरक एवढाच, की इथं विटा तरी जुन्याच आहेत. पण त्या खिडकीत कुणा कामगाराचा पणतू राहत असेल, असं भाडं बघून वाटलं नाही. चेथम्स लायब्ररीतही गेलो. 1653 पासूनची लायब्ररी. जिथं 1845 मध्ये मार्क्स आणि एंगल्स बसून वाचायचे ती खिडकीजवळची जागा अजून दाखवतात. लाल बावट्याचे मोर्चे बघत वाढलेला टॉवेल तिथं बसला आणि दोन मिनिटं काहीच बोलला नाही, जे त्याच्या बाबतीत रेकॉर्ड आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये. तिथं जुनी यंत्रं चालवून दाखवतात. माग सुरू झाला, आणि पोरंटोरं कानावर हात ठेवून मागे सरली. हा पठ्ठ्या पुढे सरकला. डोळे मिटून ऐकत होता. गाईड सांगत होता, की या आवाजात ऐकू येत नसल्यामुळे लँकेशरच्या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या. टॉवेल म्हणाला, "माझी आई अजून बोलती." गाईडनं विचारलं, "आई कुठं काम करते?" टॉवेलनं जे उत्तर दिलं ते सांगायलाच हवं. तो म्हणाला, "मँचेस्टर."

सेंट पीटर्स स्क्वेअरच्या जवळ पीटरलूचं स्मारक आहे. 16 ऑगस्ट 1819 ला मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या साठेक हजार लोकांवर घोडेस्वार घातले, 18 माणसं गेली. आधी तिथं निळी पाटी होती, त्यावर सभा लष्करानं 'पांगवली' एवढंच होतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर 2007 मध्ये पाटी बदलली, 2019 मध्ये स्मारक झालं. वर्तुळाकार पायऱ्या, त्यावर मेलेल्यांची नावं आणि गावं. बसायचं असेल तर त्या नावांवरच बसावं लागतं.

मी त्याला म्हटलं, आपल्याला एवढी वाट नाही बघावी लागली. मे 1930 मध्ये गांधीजींना पकडल्यावर सोलापूरच्या गिरण्यांतले कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, 12 मेपासून शहरात मार्शल लॉ. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. त्या चौघांच्या पुतळ्यांवरून आपण रोज गाडी वळवतो. आणि गंमत बघा, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजी लँकेशरला आले. खादीनं आणि बहिष्कारानं ज्यांच्या गिरण्यांचं काम कमी झालं, त्या डार्वेनच्या गिरणीकामगार बाया त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत, असा फोटो आहे. आमच्या गिरणगावात फाशी आणि त्यांच्या गिरणगावात स्वागत, एकाच सालात. तिथं पायऱ्यांवर बसून आम्ही यावर तासभर वाद घातला. निष्पन्न काही नाही.

शेवटचा शनिवार ड्रॉयल्सडेनचा. ट्रामनं गेलो. बघायला म्हणाल तर कालवा, साधी घरं, बाकी काही नाही. आम्ही गेलो कारण टॉवेलला कुठंतरी वाचून कळलं होतं, की टेरी टॉवेल इथला! हेन्री ख्रिस्ती नावाच्या माणसानं तुर्कस्तानात हातानं विणलेला फाशांचा टॉवेल पाहिला, नमुना आणला. सॅम्युअल होल्ट यानं तो यंत्रावर कसा विणायचा ते शोधून काढलं आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला. राणी व्हिक्टोरियालाही आवडला म्हणे.

कालव्याच्या काठावर उभं राहून टॉवेलनं मला टॉवेल समजावला. ताणे दोन असतात, एक घट्ट, एक सैल. फणी दोन धाग्यांना कापडापासून जरा अलीकडेच थांबते, तिसऱ्याला एकदम पुढं येऊन ठोकते. सैल ताणा सरकतो आणि फासा उभा राहतो. एवढंच. "माझ्या आजोबांनी हे कुठल्या इंग्रजाकडनं शिकलं नाही," तो म्हणाला, "शेजाऱ्याकडनं शिकलं."

आणि पुढची बातमी त्यानं फोनवर शोधून दाखवली. ख्रिस्ती ही कंपनी 2006 मध्ये आपल्या वेलस्पननं घेतली. म्हणजे ड्रॉयल्सडेनचा टॉवेल भारतीय झाला. मला वाटलं, हा खूश होईल. पण तो गणित करत होता. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय आहे, नाव आहे, पण चोवीस जुने माग एकीकडे आणि एकेक ऑटोमॅटिक यंत्र दुसरीकडे. भांडण मँचेस्टरशी उरलेलंच नव्हतं.

त्या रविवारी त्यानं घरी सांगितलं, बारा विका, बारा ठेवा.

विकलेले बारा भंगारात किलोवर गेले. त्या दिवशी तो मला फोन करून फक्त वजन सांगत होता. उरलेल्या बारांवर आता जाड सुताचे, साधे, बिनफुलांचे टॉवेल निघतायत. मागच्या महिन्यात पुण्यातल्या एका होमस्टेला पहिले शंभर गेले. सध्या घरात भांडण चाललंय ते लेबलवरून. वडिलांना त्यावर 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' छापून हवंय. टॉवेल म्हणतोय, नुसतं सोलापूर लिहू.