मिस्तरीच्या खिशातला नकाशा

"ताई, संडास बांधला, पण वरीसभरात तुंबला. आता त्यात सरपण ठेवतो."

आमच्या बचत गटातल्या एक अक्का बोलता बोलता सहज सांगून गेल्या. मला वाटलं, नेहमीचंच. कुणीतरी सिमेंट खाल्लं असणार. पण मैत्रिणींनो, त्यांच्या घरी जाऊन पाहिलं तर उलटंच! सिमेंट खाल्लं नव्हतं, गरजेपेक्षा जास्त घातलं होतं.

अक्का आणि त्यांचे मालक ऊसतोडीला जातात. आपल्या बीड जिल्ह्यात हे काही नवीन नाही. मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास कोयता निघतो, तो उन्हाळा लागल्यावर परत येतो. त्याच काळात घरी म्हातारी सासू एकटी आणि समोर संडासाचं काम चालू. नकाशा होता हो, नव्हता असं नाही. तो मिस्तरीच्या खिशात चार घड्या होऊन बसला होता. इंग्रजीत. मापं मिलिमीटरमध्ये. आणि आपला मिस्तरी फूट, इंच अन् सुतात बोलणारा!

नकाशात दोन गोल खड्डे होते. विटांच्या मध्ये जाळीसारख्या फटी ठेवायच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. तळ कच्चा ठेवायचा. मिस्तरीला वाटलं, या फटी म्हणजे चित्र काढणाऱ्याची नक्षी. त्यानं प्रेमानं आतून गिलावा केला, खाली काँक्रीट टाकलं. झाली की टाकी! पाणी जाणार कुठं? दुसरी चूक याहून मोठी. दोन खड्ड्यांच्या आधी एक छोटं चेंबर असतं, इंग्रजी वाय अक्षरासारखं. त्यातून एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, दुसऱ्याचं तोंड बंद. पहिला भरायला काही वर्षं जातात. मग दुसरा सुरू करायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. तोवर आतल्या मैल्याचं कोरडं खत होतं, वासही येत नाही. केंद्राचे तेव्हाचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर २०१७ साली तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः अशा खड्ड्यात उतरले होते आणि हातानं खत काढलं होतं. इथे मात्र दोन्ही खड्डे एकदमच जोडलेले. माणसं अर्धं वर्ष गावात नाहीत, तरीही दोन्ही भरले.

आणि भोगतं कोण? अक्कांची सून पहाटे चारला पुन्हा बांधाच्या कडेला. १२ हजारांचं अनुदान मिळालं, कागदावर काम पूर्ण झालं, फोटोसुद्धा निघाला.

मी मिस्तरीला दोष देणार नाही. माझी बी.ए.ची पदवी भिंतीवर टांगलेली आहे, तरी मी काय दिवे लावले? आमचं घर बांधताना स्वयंपाकघराच्या नकाशात १० फूट लिहिलेलं पाहिलं आणि ओट्याचा ग्रॅनाइट बरोब्बर दहा फुटांचा कापून आणला. बसेचना! ते माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं होतं. दोन्हीकडून साडेचार-साडेचार इंच भिंतीत गेले, आत उरले सव्वानऊ फूट. कापलेला नऊ इंचांचा तुकडा आजही अंगणात आहे, त्यावर मी धुणं धुते. आमच्याकडे नऊ इंचांवर भागलं. पण घरकुलाच्या २६९ चौरस फुटांत नऊ इंच गेले तर खाट बसत नाही.

काही चुका तर जिवावरच बेततात. छज्ज्याचंच बघा. खोलीच्या स्लॅबला मुख्य सळई खालच्या बाजूला लागते, पण छज्जा आणि गॅलरी म्हणजे भिंतीतून पुढे केलेला हात. वजन पडलं की ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळई वर हवी. नकाशात ती वरच दाखवलेली असते. सवयीनं खाली टाकली जाते, नाहीतर काँक्रीट ओतताना पायाखाली दबते. वरून छान गिलावा. कुणाला कळणार?

हे अडाण्यांचं काम म्हणून नाक मुरडू नका. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हॉटेलात १७ जुलै १९८१ ला छताला टांगलेले पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ नकाशात एकाच लांब सळईला दोन्ही पूल होते. कारखान्यानं सोयीसाठी त्या एकाच्या दोन सळया केल्या. म्हणजे खालचं शिंकं आढ्याला न बांधता वरच्याच शिंक्याला बांधल्यासारखं! सगळा भार वरच्या जोडावर आला. बदललेला नकाशा इंजिनिअरांच्या टेबलावरून गेला, हिशेब मात्र कुणी पुन्हा केला नाही.

मग आपण बायांनी काय करावं? लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) बायांनी केलं, ते करावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आपल्याकडेही त्या रात्री माणसं अंगणात आली होती. नंतर घरं दुरुस्त करण्याचा कार्यक्रम निघाला, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळातल्या बायांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. ज्या बाया इंजिनिअरसमोर पदर ओढून उभ्या राहायच्या, त्याच भिंत कशी बांधायची, माल किती लागतो, हे गावाला समजावू लागल्या.

माझं म्हणणं सरळ आहे. घरकुलाचा नकाशा मराठीत, फुटांत आणि मोठ्या अक्षरात द्या. त्याची एक झेरॉक्स घरातल्या बाईच्या हातात द्या. आणि पाया खोदायच्या आधी तिला जागेवर उभं करून सगळं समजावून सांगा. एवढ्यानं काय बजेट कोसळणार आहे का?

आम्ही वाट बघत बसलो नाही. ओळखीच्या एका निवृत्त ओव्हरसिअर काकांना घेऊन गेलो. त्यांनी अक्कांच्या अंगणात फक्की मारून अख्खा नकाशा जमिनीवर काढला. पोरीबाळी त्यात उभ्या राहिल्या, कुणी खड्ड्यात, कुणी चेंबरवर. मिस्तरीही आला होता. बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "मला हे असं कुणी दाखवलंच नव्हतं."

एक खड्डा त्यानं मजुरी न घेता फोडून दिला. तळ उकरला, फटी मोकळ्या केल्या. दुसरा राहिलाय. दिवाळीला कोयता निघायच्या आत तोही करायचा आहे, आणि तोवर त्याच्या तोंडात वीट बसवून ठेवली आहे. नकाशा आता अक्कांच्या पत्र्याच्या पेटीत आहे, रेशनकार्डाच्या खाली.